आष्ट्याच्या स्टँडसमोरचा फ्लेक्स

सांगलीच्या त्या माणसाला मी तोंडावर 'सर' म्हणायची आणि मनात अरेतुरे करायची. इथे मनातलंच लिहायचं आहे, म्हणून तो 'तो'च राहील.

साताऱ्यातल्या जेझुइट या ख्रिस्ती संघाच्या फादरांच्या विद्यापीठात मी प्रसिद्धीचं काम बघते. त्याआधी जिल्ह्याच्या एका दैनिकात उपसंपादक होते. रहिमतपूरहून एसटीनं यायचं, आलेल्या बातम्या तपासायच्या, संध्याकाळी परत जायचं. त्याच फादरांचं दुसरं विद्यापीठ सांगलीत आहे, कारभार मात्र वेगळा. तिथला प्रसिद्धी प्रमुख म्हणजे तो. मूळचा आष्ट्याचा, घरी शेती आणि खताचं दुकान. पुण्यात जाहिरात कंपनीत काही वर्षं काढून परत आलेला. दोन्ही विद्यापीठांना मुलं येतात ती त्याच गावांतून, त्यामुळे समोरचा आपले विद्यार्थी पळवतो अशी दोघांचीही खात्री होती. ती खात्री खोटी नव्हती.

एका वर्षी फादरांनी ठरवलं की आता हे पुरे. जगभर त्यांच्या विद्यापीठांतली प्रसिद्धीची माणसं एकत्र काम करतात, एकमेकांचे फोटो, मजकूर, कल्पना वापरतात, मग आपल्याकडे दोन जिल्ह्यांत इतकं वाकडं का? आमच्या साताऱ्याच्या फादरांना मी मानते. वसईकडचे, वयस्कर, आमच्यापेक्षा शुद्ध मराठी बोलणारे. त्यांनी मला बोलावून सांगितलं की यंदा प्रवेशाची मोहीम दोघांनी मिळून करायची. मी म्हटलं, त्यांना आमचं काम आयतं हवंय. फादर म्हणाले, असेल, तरीही करायची.

पहिली बैठक कऱ्हाडला झाली, कारण साताऱ्याला यायला तो तयार नव्हता आणि सांगलीला जायला मी. चर्चच्या हॉलमध्ये लाकडी बाकांवर समोरासमोर बसलो, मध्ये आमचे फादर. पाट्यांवर आधी सातारा लिहायचं की सांगली, यावर सगळी सकाळ गेली. तो म्हणाला, अक्षरांच्या क्रमानं सांगली आधी येते. मी म्हटलं, अजिबात नाही, 'सा'वर अनुस्वार आहे म्हणून काय झालं. शेवटी फादरांनी दोन्ही नावं एकाखाली एक लिहायला सांगितली. मग वरती कोण, यावर दुपार गेली.

या बैठकीत एक गोष्ट ठरली. दोघांनी आपापले फोटो एकाच ठिकाणी ठेवायचे आणि कुणीही कुणाचे वापरायचे. मला ते पटलं नाही. मी काढलेले फोटो म्हणजे पाटीवर लावायची फुलं नव्हेत. त्यातली प्रत्येक व्यक्ती मला माहीत होती. पण फादरांनी शब्द टाकला होता आणि तो तर लॅपटॉप उघडून तयारच बसला होता.

त्या फोटोंत एक बाई होती. मेढ्याजवळच्या एका वाडीत दिलेली, माहेर आष्ट्याचं. नवरा फौजेत, त्या वेळी उत्तरेला कुठेतरी उंचावर. मुलगा शाळेत जायला लागल्यावर ती आमच्याकडे समाजकार्य शिकायला आली. वर्गातल्या पोरी तिला काकू म्हणायच्या. फोटो काढून घ्यायला ती आधी तयार नव्हती. गावात बोलतात, म्हणाली. मी मागे लागले नाही. कँटीनमध्ये भेटायची, शेताचं बोलायची, सासऱ्याचं बोलायची, आणि मग एक दिवस स्वतःच म्हणाली की मॅडम, काढा आता, पण जास्त मोठा लावू नका. ग्रंथालयाच्या खिडकीपाशी तिचा फोटो काढला. कपाळाला बारीक टिकली, खांद्यावरून पदर, हातात पुस्तक. खाली मी ओळ लिहिली की जावळी तालुक्यातल्या जवानाची पत्नी, समाजकार्याच्या दुसऱ्या वर्षाला. आमच्या माहितीपत्रकात आतल्या पानावर तो छापला. तिनं पाहिला, बरा आलाय म्हणाली.

त्यानं तोच फोटो उचलला. मला विचारलं नाही, कारण विचारायचं नाही असंच ठरलं होतं. आष्ट्याच्या स्टँडसमोर आणि सांगलीच्या रस्त्यावर दुमजली घराएवढे फ्लेक्स लागले. 'वीरपत्नीची नवी भरारी' असं मोठ्या अक्षरांत, खाली दोन्ही विद्यापीठांची नावं, सांगली वर. बाईचा चेहरा उजळ केलेला. उजळताना कपाळावरची टिकली गेली होती. मंगळसूत्र पदराखाली होतं ते मूळ फोटोतही दिसत नव्हतं.

आमच्याकडे वीरपत्नी कुणाला म्हणतात हे शेंबड्या पोराला माहीत आहे. जिचा नवरा गेला तिला.

आष्ट्याच्या बाजारात तिच्या भावाला कुणीतरी सांगितलं की तुझ्या बहिणीचा बोर्ड लागलाय. भाऊ बघायला गेला आणि घरी धावत आला. त्या बाजूच्या गावांत चौकातले अर्धे फ्लेक्स वाढदिवसाचे असतात आणि अर्धे श्रद्धांजलीचे. आईला वाटलं, जावई गेला, आणि गाव आपल्याआधी बोर्ड लावून मोकळं झालं. तिनं मेढ्याला लेकीला फोन केला. लेक म्हणाली, आई, काय झालं. आई म्हणाली, तूच सांग काय झालं.

हे सगळं मला नंतर कळलं, तिच्या घरी गेले तेव्हा त्या बाईकडूनच. तेव्हा माझ्या कानावर आलं ते एवढंच की दुपारी आमच्या फाटकाशी जीप थांबली आणि एक म्हातारा फौजी प्रसिद्धी विभाग कुठे आहे असं विचारतोय.

तो तिचा सासरा. निवृत्त सुभेदार. पांढऱ्या मिशा, पायात बूट, हातात मोबाईल, आणि मोबाईलवर आष्ट्याहून आलेला फ्लेक्सचा फोटो. आवाज अजिबात चढवला नाही. त्यांनी मला विचारलं, "ही बातमी तुमाला कुणी दिली?"

मी म्हटलं, कसली बातमी. त्यांनी मोबाईल पुढे केला. मी तो फ्लेक्स पहिल्यांदा तेव्हा पाहिला.

मी सांगायला लागले की हे आमचं काम नाही, सांगलीनं केलंय, ही चूक आहे, तुमचा मुलगा सुखरूप असणार. सुभेदारांनी हात वर केला. म्हणाले, असणार म्हणू नका. त्यांना फौजेची रीत माहीत होती, काही झालं तर घरी आधी कळवतात हेही माहीत होतं. पण मुलाचा फोन लागत नव्हता. तिकडे उंचावर नेहमीच लागत नसे, आठवडा आठवडा लागत नसे. आजवर त्यांना त्याचं काही वाटलं नव्हतं. आज मात्र वाटत होतं. सून घरी फोन मांडीवर घेऊन बसली होती आणि शेजारच्या बाया येऊन तिच्याभोवती बसल्या होत्या. कुणी उठून जात नव्हतं.

मी त्यांच्यासमोरच स्पीकर सुरू करून सांगलीला फोन लावला. त्यानं उचलला. मी विचारलं की वीरपत्नी हा शब्द कुणाचा.

"माझा," तो म्हणाला. "वीर जवानाची पत्नी ती वीरपत्नी. व्याकरणात काय चुकलं?"

सुभेदारांनी ते ऐकलं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं हे दार उघडून जातील आणि परत कधी येणार नाहीत. मी त्याला म्हटलं, तासाभरात फ्लेक्स उतरवा. तो म्हणाला, ठेकेदार उद्या येईल, आणि शिवाय फोटो तुमच्याकडून आलाय, आमच्याकडे ती कोण हे कुणाला माहीत. मी फोन ठेवला. त्या क्षणी तो माझ्यासमोर असता तर मी काय केलं असतं हे लिहिण्यासारखं नाही.

नवऱ्याचा फोन दुसऱ्या दिवशी दुपारी आला. त्याला काहीच माहीत नव्हतं. त्यानं विचारलं, म्हैस व्याली का. ती फोनवर रडायला लागली तसा तो घाबरला, त्याला वाटलं म्हैस गेली. हे ती सांगत होती तेव्हा हसत नव्हती, म्हणून मीही हसले नाही.

फादरांनी लगेच दोघांना कऱ्हाडला बोलावलं. त्यांच्याकडे अशा वेळी बसायची एक पद्धत असते. आधी प्रत्येकानं आपलं म्हणणं मांडायचं, दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. मग सगळ्यांनी थोडा वेळ गप्प बसायचं. मग समोरच्याच्या बोलण्यात आपल्याला काय चांगलं ऐकू आलं ते सांगायचं. तो बोलला. प्रवेशाचा हंगाम, वेळेची ओढाताण, डिझायनर नवीन, त्यानं चेहरा साफ करताना टिकली गेली, मुद्दाम कुणी केलं नाही. सातारा ऑफिसनं फोटोसोबत नीट सूचना द्यायला हव्या होत्या. मी बोलले. ओळ खाली स्पष्ट लिहिलेली होती, ती वाचायला डिझायनर लागत नाही. टिकली आपोआप जात नाही, कुणीतरी ती घालवतो, कारण रिकामं कपाळ लोकांच्या जास्त नजरेत भरतं. मला आजही तसंच वाटतं. माझ्याकडे पुरावा नाही.

मग गप्प बसलो. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरचे कर्णे वाजत होते. मग फादर मला म्हणाले, आता त्यांच्या बोलण्यात काय चांगलं ऐकलंत ते सांगा.

मी म्हटलं, "त्यांचा उच्चार स्वच्छ आहे."

फादरांनी डोळे मिटले. त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, मॅडमना आपल्या कामाचा अभिमान आहे. मला ती शिवीच वाटली, आणि शिवीच होती.

बैठकीतून ठरलं ते इतकंच की दोघांनी एकत्र मेढ्याला जाऊन माफी मागायची. एकत्र यावर फादर अडून बसले. मी एकटी जाते म्हटलं, तर म्हणाले, फ्लेक्सवर दोन नावं आहेत.

तो त्याची गाडी घेऊन साताऱ्याला आला. मी मागच्या सीटवर बसले. तो म्हणाला, मी तुमचा ड्रायव्हर नाही. मी उतरून पुढे बसले आणि मेढ्यापर्यंत काचेबाहेर बघत राहिले. घाट चढताना त्यानं एकदाच तोंड उघडलं, तेही रस्ता विचारायला. मी हातानं दाखवला.

घर वाडीच्या वरच्या अंगाला होतं. सुभेदार सोप्यात बसले होते, ती आतल्या दाराशी उभी. बसा म्हणाले, पण पाण्याचा तांब्या पुढे आला नाही. आमच्या भागात पाणी न देणं म्हणजे काय ते दोघांनाही कळत होतं. सुभेदारांनी पहिला प्रश्न विचारला.

"तुमी दोघं एकाच संस्थेचं का दोन?"

त्यानं 'एकाच' म्हटलं, त्याच वेळी मी 'दोन' म्हटलं. सुभेदार सुनेकडे वळून म्हणाले, "बघ, ह्यांचं ह्यांनाच ठावं न्हाई."

त्यानं माफी मागितली. चांगली मागितली, हे मला कबूल करावं लागेल, पाठ केल्यासारखी वाटली तरी. मग मी मागायला लागले. माझं पहिलं वाक्य मी असं योजलं होतं की हे माझ्या परवानगीशिवाय झालं. ते अर्ध्यावर आलं आणि तिनं मला थांबवलं.

"आवं मॅडम, ह्यांना मी ओळखत न्हाई," ती म्हणाली. "ह्यांनी कायबी केलं तर मला त्याचं काय? मी फोटो तुमाला दिला होता."

मी सांगितलं की फोटो सगळ्यांसाठी एकत्र ठेवायचा वरून आदेश होता. ती म्हणाली, मग मला तसं सांगायचं होतं. मी नको म्हटलं असतं. तो माझ्या शेजारी बसून चटईकडे बघत होता. त्याला आतून बरं वाटत असणार. तिचं म्हणणं मला पूर्ण पटलेलं नाही. 'वीरपत्नी' लिहिणारी मी नव्हते, टिकली पुसणारी मी नव्हते. पण ती त्याच्यावर चिडली नाही आणि माझ्यावर चिडली, हे माझ्या मनातून अजून गेलेलं नाही.

माफी इथे नको, असं सुभेदारांनी सांगितलं. जिच्या डोळ्यांदेखत लेकीचं कपाळ पुसलं त्या आईपुढे आष्ट्यात जाऊन बोला, आणि बोर्ड उतरताना दोघं तिथं उभे राहा. ठेकेदारानं फ्लेक्स तोवर नुसता झाकला होता, वरून पांढरा कपडा टाकून. त्यामुळे तो आणखीनच भयानक दिसत होता, हे आम्हाला तिथे पोचल्यावर कळलं.

पुढे सुभेदारांची जीप, सून त्यांच्यासोबत, मागे त्याची गाडी. सातारा, उंब्रज, कऱ्हाड, मग पेठ नाक्यावरून आत. उसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी रखडली की तो स्टिअरिंगवर बोटं वाजवायचा. आष्टा जवळ यायला लागलं तसा त्याचा चेहरा उतरत गेला. स्टँडसमोर त्याच्या वडिलांचं दुकान होतं. मला हे माहीत होतं, आणि मी त्या दुकानाची वाट बघत होते.

स्टँडसमोर माणसं जमली होती. त्याचे वडील दुकानाच्या पायरीवर उभे होते, पांढरी टोपी, हात मागे बांधलेले. तिची आई भावाच्या आधारानं आली. लहानखुरी बाई, जाड काचांचा चष्मा. सुभेदारांनी तिला पुढे बोलावलं आणि त्याच्याकडे बोट केलं.

तो आधी दबक्या आवाजात बोलला. गर्दीतून कुणीतरी म्हणालं, ऐकू येईना. मग त्यानं परत सांगितलं, आपल्या गावच्या बोलीत, कऱ्हाडला तो कधी बोलला नव्हता त्या भाषेत. "आमची चूक झाली, मावशी. जावई तुमचा हाय, बरा हाय. मी लिवलेलं खोटं हुतं." एवढं बोलून त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील आत निघून गेले.

मला वाटलं होतं की हे बघून मला समाधान मिळेल. मिळालं. मग आईनं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, ही कोण. मी सांगितलं की मी साताऱ्याहून, मीही माफी मागते. तिनं मान हलवली, पण तिचं लक्ष माणसं वर चढून कपडा सोडवत होती तिकडे होतं.

पांढरा कपडा पडला आणि तिच्या लेकीचा तो रिकाम्या कपाळाचा चेहरा पुन्हा सगळ्यांसमोर आला. आईनं पदर तोंडाला लावला. फ्लेक्स खाली येऊन धुळीत पसरला. बाजूला उभा असलेला एक शेतकरी म्हणाला, चांगला जाड हाय, कडब्यावर टाकायला द्या. कुणाला त्यात गैर वाटलं नाही, आमच्याकडे जुने फ्लेक्स असेच संपतात. पण लेक स्वतः पुढे आली. माझं तोंड कडब्यावर नको, म्हणाली. तिनं भावाला एक टोक धरायला लावलं, दुसरं स्वतः धरलं, आणि दोघांनी तो गुंडाळला. मी हात लावायला गेले तर म्हणाली, तुमी राहू द्या. गुंडाळी जीपच्या टपावर बांधून ते निघून गेले.

सांगलीच्या रस्त्यावरचा दुसरा फ्लेक्स आम्हीच उतरवला. परतताना त्याला आष्ट्यात आपल्या घरी थांबावं लागलं, आणि माझी एसटी चुकली होती म्हणून मलाही. त्याची आई बाहेर आली. जैन घर, ऊन कलायला लागलं होतं. दिवस मावळायच्या आत जेवून घ्या, ताई, म्हणाली, थकून आलात. ताटं वाढलेली होती. त्या बाईनं माझं काही वाईट केलं नव्हतं. मी पाणी घेतलं आणि भूक नाही म्हटलं. तो ताटावर बसला आणि माझ्याकडे न बघता जेवला.

पुढे काय झालं तेही सांगते. ती कॉलेजला परत आली. शिक्षण पूर्ण केलं, आता मेढ्याला बायकांच्या बचत गटांत काम करते. कॉलेजात होती तोवर मला व्हरांड्यात भेटली की मॅडम म्हणायची, थांबायची नाही. मी हट्टानं एक नियम करून घेतला. ज्याचा फोटो त्यानं खालची ओळ स्वतः वाचल्याशिवाय तो बाहेर जायचा नाही, आणि फोटोवर काही बदल केला तर तोही त्याला दाखवायचा. त्यानं या नियमाला बैठकीत विरोध केला. वेळ जातो म्हणाला. फादरांनी तो मंजूर केला.

त्यानंतर फादरांनी दोन्ही प्रसिद्धी विभाग एक केले आणि प्रमुख त्याला नेमलं. मला वाटलं होतं राजीनामा द्यावा. दिला नाही, कारण दुसरीकडे कुठे जाणार होते, आणि मी गेले असते तर तो नियम दुसऱ्याच दिवशी गेला असता.

गेल्या वर्षी देशातल्या जेझुइट विद्यापीठांच्या प्रसिद्धीच्या माणसांचा मेळावा झाला. त्यात त्याचं भाषण होतं. दोन कार्यालयं एकत्र आल्यावर काय शिकता येतं यावर. त्यानं आमचा नियम पडद्यावर दाखवला, ओळ न् ओळ. फ्लेक्सचा उल्लेख केला नाही. एका कठीण प्रसंगातून आम्ही दोघांनी मिळून हे घडवलं, म्हणाला, आणि माझ्याकडे हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मला उभं राहावं लागलं.

चहाच्या वेळी तो माझ्यापाशी आला. म्हणाला, तुमचं नाव घेतलं मी.

"त्या बाईला विचारलं होतं का?" मी म्हटलं. "तिच्यावरून बोललात ते."

त्यानं कप बशीत ठेवला. तिचं नाव कुठे घेतलं, म्हणाला. मी म्हटलं, नियम वाचा. मग दुसऱ्या कुठल्यातरी विद्यापीठाचे लोक आले, त्याचं अभिनंदन करायला लागले, आणि मी माझा चहा घेऊन दुसऱ्या टेबलाशी गेले.